मधल्याच्या रांगेची पाहणी

आमच्या इमारतीची लिफ्ट पूर्णपणे दुरुस्त झालेली होती. दोर नवा, मोटर नवी, आतला आरसासुद्धा पुसलेला. ती फक्त चालू नव्हती. दुरुस्त झालेली लिफ्ट पुन्हा चालवायची तर उद्वाहन निरीक्षण कार्यालयाचा दाखला लागतो आणि तो मिळेपर्यंत तिच्या दाराला तार आणि शिशाचं सील असतं. हे सील फार नीटनेटकं लावलेलं होतं. ते आमच्याच कार्यालयाने लावलं होतं, म्हणून मला त्याचं जरा कौतुक आहे.

मी त्या कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे आणि राहतो याच इमारतीत, तळमजल्यावर. तळमजल्यावाल्याला लिफ्टशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे या प्रकरणात माझी भूमिका पहिल्यापासून तटस्थ राहिली, हे आधीच नोंदवून ठेवतो. चौथ्या मजल्यावरच्या काका-काकूंना तटस्थ राहणं जमलं नाही. काकांचे पाय निकामी झाले आणि ते चाकांच्या खुर्चीत बसले, नेमकी त्याच सुमारास लिफ्ट बंद पडली. एकदा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली न्यायचा प्रयत्न केला होता. पण आमचा जिना वळणावर इतका अरुंद आहे की खुर्ची तिथे अडकली, ती ना वर जाईना ना खाली. अडकलेल्या काकांना तिथेच चहा द्यावा लागला. सुटका झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आता खाली जाईन तर लिफ्टनेच.

खाली जायचं कारण म्हणजे मास्तर. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. आता ते रोज सकाळी आमच्या फाटकाजवळच्या बाकावर बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. त्यांचे गुडघे चार मजले चढू देत नाहीत. म्हणून काका चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून डोकावून ओरडायचे, "मास्तर, माझा उंट दोन घरं तिरका!" आणि मास्तर खाली उंट हलवायचे. उंट किती घरं हलतोय हे फक्त मास्तरांनाच माहीत. सगळी इमारत तो डाव ऐकत दात घासायची. काका सतत हरायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडायला बसायचे.

मास्तरांच्या मुलाने त्यांना कायमचं आपल्याकडे, दूरच्या शहरात न्यायचं ठरवलं, तेव्हा काकांनी काकूंना एकच गोष्ट सांगितली: "ते जायच्या आत मला एक डाव समोरासमोर बसून खेळायचाय." काकूंनी त्याच दिवशी आमच्या खिडकीवर दाखल्यासाठी अर्ज दिला. खिडकीवरच्या कारकुनाने तो मन लावून टाइप केला आणि अर्ज मधल्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मधला म्हणजे आमचा सर्व्हर. अवाढव्य सर्व्हर मुख्यालयात असतात, छोटे संगणक टेबलांवर असतात आणि हा आकाराने, वयाने, मानाने मध्यम. घरातल्या मधल्या भावासारखंच त्याचं आहे. त्याला कोणी काही विचारत नाही, सगळं काम मात्र तोच करतो. त्याच्या पोटात अर्जांची एक रांग असते. खिडकीवरून आलेला अर्ज रांगेच्या शेपटाला लागतो. निरीक्षकांनी पुढचा अर्ज मागितला की मधला रांगेच्या तोंडचा अर्ज काढून देतो. मग निरीक्षक जाऊन लिफ्ट तपासतात, सही करतात आणि तार कापतात. इतकी वर्षं हे सुरळीत चाललं होतं, कारण निरीक्षकांसमोर काळा पडदा आणि हिरवी अक्षरं असलेलं जुनं यंत्र होतं आणि ते मधल्याशी जोडलेलं होतं.

मग नवे साहेब आले. पहिल्याच फेरीत त्यांना ती हिरवी अक्षरं दिसली आणि त्यांचा चेहरा पडला. "बाहेरचे पाहुणे आले तर काय म्हणतील?" असं म्हणून त्यांनी सगळी जुनी यंत्रं भंगारात काढली आणि प्रत्येक टेबलावर रंगीत पडद्याचे नवे डेस्कटॉप बसवले. पडदे इतके सुंदर होते की आम्ही आठवडाभर नुसती पार्श्वभूमीची चित्रं बदलत होतो. नव्या डेस्कटॉपना मधल्याच्या रांगेतून अर्ज काढता येत नाही, ही गोष्ट निरीक्षकांच्या लक्षात आली ती चित्रं संपल्यावर.

तातडीने 'डेस्कटॉपवरून रांगेपर्यंत पोहोचण्याचे पर्याय तपासणारी समिती' नेमण्यात आली. मी तिचा सदस्य-सचिव. साहेब अध्यक्ष, निरीक्षक आणि लेखापाल बाई सदस्य. माहिती द्यायला प्रोग्रामरला बोलावलं होतं. हा गृहस्थ विचारलं तेवढंच सांगतो. पूर्वी एका बैठकीत न विचारलेलं सांगितल्यामुळे त्याची खुर्ची खिडकीपासून उचलून भांडाराच्या दाराशी नेण्यात आली होती.

"पहिला पर्याय," प्रोग्रामर म्हणाला, "डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम थेट मधल्याच्या रांगेशी बोलेल. पुढचा अर्ज मागेल, मधला देईल."

"थेट?" साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मध्ये कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"मग कार्यालय कशाला आहे?"

दुसऱ्या पर्यायात मध्ये आणखी एक संगणक होता. डेस्कटॉपने त्याला विचारायचं, त्याने मधल्याला विचारायचं आणि उत्तर उलट्या वाटेने आणायचं. हे ऐकताना सगळ्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं. पण त्या संगणकाला थंड खोली लागणार होती. ती खोली आस्थापना शाखेची की लेखा शाखेची यावर जुंपली आणि ते घोंगडं भिजत पडलं.

तिसऱ्या पर्यायात मधल्याने रोज संध्याकाळी सगळी रांग एका फाइलमध्ये उतरवायची होती आणि ती फाइल सकाळी सगळ्यांच्या डेस्कटॉपवर यायची होती.

"म्हणजे कालची रांग आज पाहायची?" लेखापाल बाईंनी विचारलं.

"हो."

"मग आजची कधी पाहायची?"

"उद्या."

"आणि उद्याची?"

ही चर्चा चहा येईपर्यंत चालली आणि चहानंतर ती कोणालाच आठवली नाही.

"चौथा पर्याय," प्रोग्रामर म्हणाला, "नव्या डेस्कटॉपला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावायचं. छोटासा प्रोग्रॅम आहे. आज दुपारी सुरू होईल."

निरीक्षकांचा चेहरा उजळला होता, पण साहेबांकडे बघून त्यांनी तो आवरला.

"सोंग घेतल्यावर पडद्यावर काय दिसेल?" साहेबांनी विचारलं.

"हिरवी अक्षरं."

चौथा पर्याय इतिवृत्तात घेऊ नये, असं ठरलं.

शेवटी खोलीचं भांडण मिटेना म्हणून नाइलाजाने पहिला पर्याय स्वीकारला गेला. मात्र साहेबांनी अट घातली. निरीक्षक थेट रांगेशी बोलणार असतील तर त्यांच्या वरच्या सर्वांनाही रांग दिसली पाहिजे, नाहीतर देखरेख कशी राहणार? मग वरच्यांना दिसली तर बरोबरीच्यांनी काय पाप केलंय, असा प्रश्न लेखापाल बाईंनी काढला. न्याय सर्वांना सारखा हवा, म्हणून रांगेचा आयकॉन प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर द्यायचं ठरलं.

तेव्हा प्रोग्रामरने एक शंका विचारली. "रांगेतला अर्ज दोन तऱ्हेने बघता येतो. एक वाचणं आणि दुसरं नुसतं डोकावणं. डोकावलं तर अर्ज जागच्या जागी राहतो. साहेबांच्या डेस्कटॉपवर डोकावणं ठेवू ना?"

साहेब ताठ झाले. "मी डोकावू?"

"म्हणजे, फक्त बघायचं असेल तर..."

"डोकावतात शेजारी! अधिकारी पाहणी करतो. समोर बसून, नीट, पूर्ण वाचून."

निरीक्षकांनी मान हलवली. लेखापाल बाईंनीही आपण आयुष्यात कधी कुठे डोकावलो नसल्याचं सांगितलं. डोकावलं तर अर्ज राहतो, मग वाचला तर त्याचं काय होतं, हे कोणी विचारलं नाही आणि विचारलं नाही म्हणून प्रोग्रामरने सांगितलं नाही. 'कार्यालयातील कोणीही रांगेत डोकावणार नाही. सर्व जण वाचतील,' हे वाक्य मी इतिवृत्तात लिहिलं. माझ्या लेखनातलं ते एक उत्तम वाक्य आहे असं माझं मत आहे.

उद्घाटनाच्या दिवशी भिंतीवर एक मोठा पडदा लावला होता आणि त्यावर रांगेतल्या अर्जांची संख्या चमकत होती. साहेबांनी आयकॉनवर टिचकी मारली. पहिला अर्ज उघडला. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला, गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि बंद केला. त्याच क्षणी भिंतीवरचा आकडा एकाने कमी झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांच्या नुसत्या नजरेने प्रलंबित काम कमी होताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

प्रोग्रामर मात्र अस्वस्थ होता. टाळ्या थांबल्यावर तो खुर्चीची पर्वा न करता न विचारलेलं बोलला. "साहेब, वाचलेला अर्ज रांगेतून जातो."

"जायलाच पाहिजे. वाचूनही रांगेतच राहिला तर वाचून उपयोग काय?"

"पण मग तो निरीक्षकांना मिळणार नाही."

"निरीक्षकांना वाचू नका असं कोणी म्हटलंय का? त्यांनीही वाचावं!"

प्रोग्रामरची खुर्ची भांडाराच्या दाराशी होती, ती आता भांडारात गेली.

त्यानंतर कार्यालयात चैतन्य आलं. जो उठतो तो पाहणी करतो. सकाळी आल्यावर एक, जेवणाआधी एक, जेवणानंतर आळस घालवायला दोन. वरचा मजला आणि खालचा मजला यांच्यात चुरस लागली. साहेबांच्या गाडीचा चालक खाली नुसता बसून असतो म्हणून त्यालाही पासवर्ड देण्यात आला आणि तो सगळ्यांना मागे टाकू लागला. भिंतीवरचा आकडा धाडधाड उतरत होता. निरीक्षक आपला आयकॉन उघडायचे तेव्हा पडद्यावर 'रांग रिकामी आहे' अशी अक्षरं यायची, सुंदर निळ्या रंगात. सुरुवातीला त्यांना चैन पडेना. मग त्यांनी खिडकीत कुंड्या आणून ठेवल्या आणि दिवसभर त्यांना पाणी घालू लागले.

काकूंनी मला एका सकाळी जिन्यापाशी गाठलं. त्या मला मी चड्डीत असल्यापासून ओळखतात.

"काय रे, आमच्या अर्जाचं काय झालं?"

"काकू, आनंदाची बातमी आहे. वाचला गेला."

"मग?"

"मग काही नाही. वाचला गेला."

"अरे पण वाचून ठरलं काय?"

"ठरवायला तो निरीक्षकांकडे जायला हवा. निरीक्षकांकडे जायला तो रांगेत हवा. आणि वाचला गेल्यामुळे तो रांगेत नाही."

"लहानपणी तू बरा होतास," काकू एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा अर्ज द्यायला निघाल्या.

दुसरा अर्जही वाचला गेला आणि तिसराही. पहिल्या अर्जात फक्त पत्ता आणि लिफ्टचा क्रमांक होता. पण काकूंना वाटलं, आपणच नीट समजावून सांगितलं नसेल. म्हणून दर अर्जात त्या थोडं अधिक लिहू लागल्या. काकांचे पाय कसे गेले ते एका अर्जात आलं, दुसऱ्यात जिन्यात अडकलेली खुर्ची आणि चहा. मग मास्तर आले, कठड्यावरून ओरडलेल्या चाली आल्या, मुलाचं पत्र आलं, जायचा दिवस ठरला. नंतर काकांनी जेवण कमी केलं आणि रोज सकाळी स्वच्छ शर्ट घालून ते लिफ्टच्या आवाजाकडे कान लावून बसतात, हेही आलं.

कार्यालयाला या अर्जांचं वेड लागलं. आज काकूंचा अर्ज कोणाच्या वाट्याला येतो याकडे सगळ्यांचे डोळे असायचे. ज्याला मिळायचा तो जेवणाच्या सुट्टीत इतरांना सांगायचा आणि बाकीचे डबे उघडायचं विसरायचे. लेखापाल बाईंच्या डोळ्यांत तर चटकन पाणी यायचं. "काय लिहितात हो!" त्या म्हणायच्या. "मी घरी सगळ्यांना सांगितलं. सासूबाईसुद्धा रडल्या." मला मात्र वाईट वाटायचं ते निराळ्या कारणाने. इतक्या पाहण्या करूनही काकूंचा एकही अर्ज माझ्या नशिबी आला नाही.

ही तक्रार मी घरी बोलून दाखवली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातलं भांडं जरा जोरातच ठेवलं.

"तुमच्या ऑफिसात एवढी माणसं वाचतात, त्यातल्या एकालाही सही करता येत नाही?"

"सही करायचा अधिकार फक्त निरीक्षकांना."

"आणि वाचायचा?"

"सर्वांना. आपल्याकडे लोकशाही आहे."

त्या दिवशी मला भाजी वाढली गेली नाही.

रांग पूर्ण रिकामी करणारं कार्यालय म्हणून मुख्यालयाने आम्हाला ढाल दिली. समारंभ ऐन रंगात आला असताना काकू सभागृहाच्या दारात उभ्या राहिल्या. त्या दमलेल्या होत्या, कारण चौथ्या मजल्यावरून उतरून त्या चालत आल्या होत्या.

"मला कोणीतरी सांगा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "माझा अर्ज कुठे आहे? चौथा मजला, खुर्चीतले काका, बुद्धिबळ."

सभागृहात एकदम आनंदाची लाट उसळली. "अरे, या त्याच काकू!" लोक खुर्च्या सोडून त्यांच्याभोवती जमले. लेखापाल बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काकू, मी तुमचे दोन वाचलेत. तो स्वच्छ शर्टाचा तर अजून डोळ्यांपुढून जात नाही." चालकाने त्यांना नमस्कार केला. साहेबांनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली.

"मास्तर अजून आहेत ना?" साहेबांनी आपुलकीने विचारलं.

"रविवारी सकाळी चाललेत."

"अरेरे!" असा आवाज साऱ्या सभागृहातून निघाला. तो अगदी मनापासून निघाला होता, यात मला तिळमात्र शंका नाही.

"मग रविवारच्या आत दाखला द्या," काकू म्हणाल्या. "सही कोण करतं?"

निरीक्षक पुढे झाले. ते मुळात भले गृहस्थ आहेत. "काकू, खिशात पक्कड आहे. आत्ता येऊन तार कापली असती. पण माझ्याकडे अर्जच नाही. अर्जाशिवाय कापली, तर उद्या मला विचारतील, कशाच्या आधारावर कापली?"

"एवढ्या सगळ्यांनी वाचलाय ना!"

"तीच तर अडचण आहे."

काकू उठल्या. दारापर्यंत त्यांना सोडायला साहेब स्वतः गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काकू, पुढचा अर्ज कधी देताय? मला अजून एकही मिळालेला नाही."

वाचलेले अर्ज रांगेत परत कसे घालावेत, याचे पर्याय तपासायला त्याच संध्याकाळी नवी समिती नेमली गेली. सदस्य-सचिव मीच आहे. पहिली बैठक पुढच्या महिन्यात ठेवली आहे.

रविवारी सकाळी फाटकाशी गाडी उभी होती. मास्तरांचा मुलगा सामान भरत होता आणि मास्तर पट मांडून बाकावर बसले होते. वर काका कठड्याशी होते, स्वच्छ शर्टात. डाव अर्धा झाला होता. मुलगा घड्याळाकडे बघू लागला.

मास्तर उठले आणि मान वर करून ओरडले, "काका, एक सांगायचं राहिलंय! आत्ताच मी तुमचा हत्ती सरकवला! मागच्या आठवड्यात घोडा! तसं मी नेहमीच सरकवायचो!"

"मला दिसायचं!" वरून काका ओरडले. "मला लांबचं सगळं दिसतं!"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही आला असता का उद्या?"

मास्तरांनी हत्ती जिथून सरकवला होता तिथे परत ठेवला, पट तसाच बाकावर सोडला आणि गाडीत बसले. गाडी वळणाआड गेली तरी काका कठड्यावरून डोकावतच होते. मी तळमजल्याच्या दारात उभा होतो. शेजारी नव्या दोराची, नव्या मोटरची लिफ्ट होती आणि तिच्या तारेवरचं सील सकाळच्या उन्हात चमकत होतं.

काकूंनी त्यानंतर अर्ज दिलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाला करमत नाही. सगळे मलाच विचारतात, पुढे काय झालं? म्हणून शेवटी मीच हे सगळं लिहून काढलं आणि तुमच्यापुढे ठेवलं. तुम्हीही ते अधेमधे न डोकावता, नीट, शेवटपर्यंत वाचलंत. स्वच्छ शर्टापाशी थोडं वाईटही वाटलं असेल, संकोचू नका, आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. आता पान उलटा. भिंतीवरचा आकडा एकाने कमी झाला आहे आणि कार्यालय आपलं आभारी आहे.